जुन्या मीटरांचा पावसाळा

जून लागला की आमच्याकडे लोक छत्र्या, ताडपत्री, कौलं बघतात, मी आधी मीटर बघतो. मीटर म्हणजे मल्टीमीटर, ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा, पुढे नुसता स्कोप), सिग्नल जनरेटर अशी माझ्या दुकानातली सगळी म्हातारी मंडळी. यातलं एकही आता कुठे बनत नाही, काहींच्या तर कंपन्यांचीच बारशी पुन्हा पुन्हा होऊन गेली. माझा सगळ्यात भरवशाचा मल्टीमीटर म्हणजे एचपीचा ३४७८ए, हे मॉडेल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. एचपीचा हा मोजमापाच्या यंत्रांचा धंदा १९९९ मध्ये एजिलेंट झाला, मग २०१४ मध्ये कीसाइट झाला, मीटरला यातलं कुणी काही कळवलेलं नाही, तो आपला एचपीच आहे.

माझं काम मुख्यतः बोटींचं. वायरलेस सेट, फिश फाइंडर, बॅटरी चार्जर, मधूनच कुणाच्या घरचा इन्व्हर्टर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला येऊन लागतात आणि वर्षभर "चालतंय ना, चालू दे" करून ढकललेलं सगळं एकदम दुकानात येऊन पडतं. बाहेर धो धो पाऊस, भिंतीला ओल, टॉवेल तीन दिवस वाळत नाही, आणि नेमकं तेव्हाच या मीटरांना सकाळपासून रात्रीपर्यंत काम. लोक म्हणतात अहो असल्या हवेत ही नाजूक यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात टाका. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जुनं मशीन कामाने मरत नाही, कपाटात मरतं.

कोकणात राहणाऱ्याला हे खरं तर सांगायला नको. चाकरमान्याचं कुलूप लावलेलं घर आणि शेजारचं चूल पेटती असलेलं घर, दोन्ही एकाच वर्षी बांधलेली, चार पावसाळ्यांनी जाऊन बघा कुठल्याचे वासे खचलेत ते. मशीनचंही तेच. समुद्रावरचा वारा मीठ घेऊन येतो, ते बोर्डावर बसतं, मीठ ओल ओढतं, मग स्विचचे कॉन्टॅक्ट काळे, आयसीच्या पायांना हिरवट चिकटा, एखाद्या गोल बँड स्विचवर तर चक्क बुरशी. रोज चालणाऱ्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर तापतो, आतली हवा खोलीपेक्षा थोडी गरम राहते, ओल बसायला जागा मिळत नाही. स्कोपच्या पिक्चर ट्यूबला दोनेक हजार व्होल्ट लागतात, गणपतीच्या सुट्टीत दुकान बंद राहिलं की त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना कधीकधी आतून बारीक सुर्रर्र ऐकू येतं आणि रेघ थरथरते, तासाभरात सुकून गप्प होतो.

फार दिवस बंद असलेलं मशीन मी थेट प्लगला लावतच नाही. सिरीज बोर्ड, म्हणजे मशीनला बल्बमधून करंट देणारा बोर्ड, काढायचा, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी चालत नाही, दरवेळी कुणीतरी विचारतंच), आणि मग बल्बकडे बघत बसायचं. भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर कमजोर होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो फुगतो नाहीतर फुटतो, हळूहळू दिलं तर बऱ्याचदा पुन्हा ताळ्यावर येतो. बल्बचा मात्र एका ठिकाणी काही उपयोग नाही. मेनच्या फिल्टरमध्ये जुने, कागदाचे, पिवळसर पारदर्शक अंगाचे कंडेन्सर असतात, त्यांच्या अंगाला बारीक चिरा पडतात, चिरांतून कागद ओल पितो, आणि एक दिवस फट्ट! धूर असा की शेजारचा वडापाववाला धावत येतो. ते दिसले की चांगले आहेत का वाईट याची चर्चा न करता आधी काढून टाकायचे.

स्कोप माझा एचएम २०३. डिझाइन हामेग या जर्मन कंपनीचं (ती २००५ मध्ये रोडे अँड श्वार्त्झने घेतली), आपल्याकडे इंदूरला सायंटिफिकने बनवलेला, पॉलिटेक्निकला गेलेल्या कितीतरी जणांनी प्रॅक्टिकलला याचीच बटणं फिरवली असतील. माझाही एका कॉलेजच्या भंगारातूनच आलाय. फक्त २० मेगाहर्ट्झचा, पण फिश फाइंडर म्हणजे ५० नाहीतर २०० किलोहर्ट्झचा ठोका पाण्यात सोडायचा आणि तळावरून, माशांच्या थव्यावरून परत आलेला आवाज ऐकायचा, त्याला हा रग्गड झाला. आणि याच्यात कॉम्पोनंट टेस्टर म्हणून एक भन्नाट सोय आहे, तेवढ्यासाठी सुद्धा मी हा ठेवला असता. दोन वायरी पार्टला लावायच्या, पडद्यावर आकृती येते. रेझिस्टर असेल तर तिरकी रेघ, कंडेन्सर असेल तर लंबगोल, डायोड असेल तर काटकोन, आणि डायोड लीक असेल तर त्या काटकोनाचा एक पाय सरळ न राहता कलतो. बोर्डाला सप्लाय न देताच हे सगळं होतं, त्यामुळे ज्याचा सर्किट डायग्राम जगात कुठेच मिळणार नाही असा चार्जर आला तरी एक चांगला आणि एक बिघडलेला बोर्ड शेजारी ठेवून पॉइंट पॉइंटचे आकार बघत गेलं की फॉल्टची जागा सापडते. एक तांडेल मागे उभा राहून बराच वेळ बघत होता, म्हणतो, "दादा, ह्यात मासा दिसतो काय?" म्हटलं मासा नाही, नुसता काटा.

आता बॅटरीचं. ३४७८ए ला कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मोजमाप बिनचूक करायला, आत फिरवायचे स्क्रू नाहीत, चूक सुधारायचे सगळे आकडे एका छोट्या रॅममध्ये (मेमरीत) असतात आणि मशीन बंद असताना ती रॅम तीन व्होल्टच्या सोल्डर केलेल्या एका लिथियम बॅटरीवर जगते. बॅटरी गेली की आकडे गेले. मीटर चालू होतो, डिस्प्ले येतो, पण तो जे बोलेल त्याला काही अर्थ नाही, आणि पुन्हा कॅलिब्रेट करायला मुंबई-पुण्याच्या लॅबला द्या, ते बिल मीटरच्या किमतीपेक्षा मोठं. चालू असताना मीटर मेनवर चालतो, बॅटरी फक्त बंद असताना खर्ची पडते. म्हणजे इथेही तेच, कपाटात ठेवलेला आधी विसरतो.

ही बॅटरी बदलायची एक पद्धत अशी सांगतात की मीटर चालू ठेवा आणि तशातच बॅटरी काढून नवी लावा. आत मेनचे दोनशे तीस व्होल्ट आहेत हा एक भाग, आणि दुसरा भाग म्हणजे ज्यांनी ही पद्धत काढली त्यांच्याकडे जुलैत लाईट जात नसावी! आमच्याकडे ढग गडगडले की जाते. म्हणून मी आधी जीपीआयबी पोर्टवरून सगळे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, आणि मग प्लग काढून, जुनीला समांतर दुसरी तीन व्होल्टची बॅटरी डाग देऊन लटकवली, जुनी काढली, नवीसाठी होल्डर बसवला, लटकवलेली काढली. जीपीआयबी म्हणजे यंत्रांना कॉम्प्युटरशी जोडायची एचपीचीच जुनी पद्धत, १९७५ साली ती आयईईई-४८८ नावाने स्टँडर्ड झाली. तिचं तयार कार्ड महाग, पण आता अर्दुइनोच्या छोट्या बोर्डावर तेच काम होतं, प्रोग्राम फुकट. यालाच मी खरं अपग्रेड म्हणतो, की चाळीसेक वर्षांच्या मीटरला शंभर रीडिंग रात्रभर कॉम्प्युटरवर उतरवायला लावता आली, म्हणजे त्याला आणखी काम मिळालं. टेकट्रॉनिक्सच्या काही २४६५बी स्कोपांमध्ये हीच मेमरीची गोष्ट बॅटरी आतच बंद असलेल्या एका डलास चिपमध्ये आहे, तिथे लोक तिच्या जागी एफरॅम ही दुसरी मेमरी चिप बसवतात, त्याला बॅटरीच लागत नाही, झंझट संपली. फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या स्कोपांना गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा) लावून पेनड्राइव्ह चालवतात, तेही पटतं. पण चांगला चालणारा डिस्प्ले काढून निळाशार ओएलईडी लावायचा, कशाला? ३४७८ए चा एलसीडी पावसाच्या अंधारात दिसत नाही हे खरं, मी वर टेबल लॅम्प लावलाय. त्याची ऊबही मिळते.

ॲव्होमीटर या जुन्या, काट्याच्या मल्टीमीटरबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. १९२३ साली ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली चीज, मॉडेल ८ तर २००८ पर्यंत बनत होतं. चुकीच्या रेंजवर लावला की कटआउटचं बटण टक् करून वर येतं आणि मीटर वाचतो. ओहमच्या वरच्या रेंजला १५ व्होल्टची बॅटरी लागते, ती आता शोधून मिळेना, तर तीन व्होल्टचे पाच बटणसेल एकावर एक ठेवून, प्लास्टिकच्या नळीत घालून चालतंय.

या जुन्या लोकांनी यंत्र उघडलं जाणार हे गृहीतच धरलं होतं. मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट, तिथे वेव्हफॉर्म कसा दिसेल याचं चित्र, आणि सर्किट असं का केलं याचं प्रकरण वेगळं. टेकट्रॉनिक्सच्या १९५०-६० च्या दशकातल्या स्कोपांमध्ये पार्ट सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडलेले असायचे, साध्या सोल्डरने त्या पट्टीवरची चांदी सुटते, म्हणून चांदी मिसळलेल्या सोल्डरची छोटी रीळ मशीनच्या आतच ठेवून द्यायचे. रिपेअरवाल्यासाठी! आता नव्या यंत्राचं कव्हर काढलं की वॉरंटीचं स्टिकर फाटतं.

साफसफाईचं एकच सांगतो, कारण २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरानंतर बरेच जण विचारत होते. खारं पाणी किंवा पुराचा गाळ गेलेला बोर्ड आधी साध्या स्वच्छ पाण्याने धुवायचा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नंतर. मीठ आणि माती स्पिरिटने निघत नाही, नुसती इकडची तिकडे होते. ट्रान्सफॉर्मर मात्र दिवसेंदिवस सुकवावा लागतो, घाई करणाऱ्याचा जळतो.

पुण्याचा भाचा म्हणतो, मामा, कशाला हा पसारा, चार चॅनलचा डिजिटल स्कोप आता मोबाइलच्या किमतीत येतो, वेव्हफॉर्म साठवतो, फ्रिक्वेन्सी स्वतः मोजतो. बरोबर आहे त्याचं, एकदाच येऊन जाणारा गडबडीचा पल्स पकडायचा तर माझा एचएम २०३ हात वर करतो. गेल्या दिवाळीला त्याने तसला एक आणूनही दिला. उत्तम आहे. कोरा करकरीत, खारी हवा लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसकट बॅगेत घालून वरच्या फळीवर ठेवलाय. आता एवढं सगळं लिहिल्यावर तो खाली काढायला हवा, पण टेबलावर जागा करायची तर ॲव्होमीटर हलवावा लागेल, आणि त्याच्या वायरी सध्या सलीमभाईंच्या वायरलेस सेटला लावलेल्या आहेत, तो १ ऑगस्टच्या आधी द्यायचाय.