सरखेल आंग्र्यांच्या अलिबागेत

आज ओहोटीची वेळ साधून अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत गेलो आणि परतताना गावातील कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचे दर्शन घेतले. किल्ल्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्याविना नुसतेच एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मारा तिथेच ओसरतो. ही बांधणी कितीही वेळ न्याहाळली तरी मन भरत नाही.

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि मराठी आरमाराचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, त्यांच्याकडे कायम झाले. १७२९ मध्ये ते वारल्यावर हे पद थोरले पुत्र सेखोजी यांच्याकडे आले. पण १७३३ मध्ये सेखोजीही गेले आणि संभाजी व मानाजी या भावांतील तेढ इतकी विकोपाला गेली की अखेर १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी दौलतीचीच वाटणी केली. विजयदुर्गासह सरखेलपद संभाजींना मिळाले, तर कुलाब्यासह ‘वजारतमाब’ हा किताब मानाजींना. माझ्या मते आंग्र्यांचे आरमार खरे खचले ते इथेच, कारण समुद्रावरची सत्ता दोन ठिकाणी विभागून टिकत नाही.

संभाजींनंतर सरखेल झालेल्या तुळाजींचे आरमार १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात जाळले, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, याचे दुःख आजही वाटते. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. कुलाब्याची शाखा मात्र कंपनीने संस्थान खालसा करेपर्यंत, म्हणजे १८४० पर्यंत, टिकून राहिली.