शिमल्याला जाताय? मॉल रोडवरचं गेयटी थिएटर आतून बघा

शिमल्याला आपली मराठी मंडळी सीझनमध्ये इतकी असतात की मॉल रोडवर "अगं शाल बघ ना" हे दर दोन मिनिटांनी ऐकू येतं, पण त्याच रस्त्यावर स्कँडल पॉईंट नावाच्या चौकापासून चार पावलांवर गेयटी थिएटर आहे आणि तिथे बहुतेक लोक बाहेर उभं राहून सेल्फी काढतात, आइस्क्रीम संपवतात आणि पुढे जातात. मीही मागच्या खेपेला तेच केलं होतं, तेव्हा मला बोलायचा काही हक्क नाही म्हणा.

यावेळी ठरवून गेले. पहिल्या दिवशी शॉपिंग उरकून संध्याकाळी पोचले तर दार बंद, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून सरळ तिथेच. तिकीट काढायचं आणि तिथला माणूस आपल्याला आत फिरवून माहिती सांगतो, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो.

बाहेरून दगडी, टोकदार कमानींची इमारत बघून आत काहीतरी प्रचंड असेल असं वाटतं आणि मग दार उघडतं तर एवढंसं! घोड्याच्या नालेसारखा आकार, खाली खुर्च्या, वर बाल्कनी आणि बॉक्स (म्हणजे खास प्रेक्षकांसाठीचे वेगळे छोटे कप्पे), सगळीकडे सोनेरी नक्षी. ती नक्षी लाकडाची असेल असं मी धरून चालले होते, निघाली कागदाच्या लगद्याची. शेवटच्या रांगेत बसलं तरी स्टेजवरच्या माणसाचा चेहरा नीट दिसेल. गाईड स्टेजवर उभा राहून अगदी साध्या आवाजात बोलला आणि मला मागे बसून शब्द न शब्द कळला, माईक वगैरे काही नाही. आपल्याकडे मोठ्या नाट्यगृहात मागून "आवाज!" असं ओरडायची सवय असलेल्यांनी हे एकदा अनुभवाच.

थिएटर १८८७ चं, आर्किटेक्ट हेन्री आयर्विन, म्हणजे इथलाच व्हाइसरॉयचा बंगला, व्हाइसरीगल लॉज, ज्याने केला तोच. मूळ इमारत बरीच उंच होती, पण वरचा भाग धोकादायक झाला म्हणून १९११ मध्ये उतरवला, त्यामुळे आज दिसते ती अर्धीमुर्धीच इमारत. 'जंगल बुक'वाल्या किपलिंगने इथे हौशी नाटकात काम केलंय, पुढे गायक-नट सैगल, पृथ्वीराज कपूर येऊन गेले आणि अनुपम खेर तर शिमल्याचेच. भिंतींवर जुन्या नाटकांचे फोटो आहेत, ते सावकाश बघा, मला थिएटरइतकेच ते आवडले. अजून एक गंमत, याचं मोठं नूतनीकरण केलं वेद सेगन यांनी, म्हणजे जुहूचं पृथ्वी थिएटर ज्यांनी केलं तेच, २००९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. पृथ्वीला नाटक बघणाऱ्यांना प्रेक्षक आणि नट यांच्यातली ती जवळीक इथे लगेच ओळखीची वाटेल, जरी इथे पडदा आणि चौकटीचा जुना थाट असला तरी.

आता कामाचं. मॉलवर गाड्या येत नाहीत, कार्ट रोडवरून लिफ्टने वर या, आई-बाबा किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर चढावाने यायचा हट्ट अजिबात करू नका, लिफ्टनंतरही थोडं चालायचं आहेच. सकाळीच जा, आणि आदल्या दिवशी दारावर विचारून ठेवा, कारण हे चालू थिएटर आहे, तालीम किंवा प्रयोग असेल तर आत सोडतीलच असं नाही. फोटो काढण्याआधी विचारा. आणि तुमच्या मुक्कामात एखादं नाटक असेल तर टूर सोडा, सरळ नाटकाचंच तिकीट काढा, हिंदी कळतं ना, झालं. टूर पॅकेजवाल्यांच्या यादीत हे बहुधा नसतं, तेव्हा "फ्री टाइम फॉर शॉपिंग" मिळाला की त्यातलाच तासभर काढायचा.

बाहेर आल्यावर मॉलवरच इंडियन कॉफी हाऊस आहे. आमचे हे आणि मुलं तिथेच डोसा खात बसली होती, त्यांना आत यायचं नव्हतं. फोटो दाखवल्यावर मुलगी म्हणाली, "मला का नाही नेलंस?"