जिभेखालचा खडा आणि माझी चव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभं राहिलं की रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून जिभेवर ठेवायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. गेल्या दिवाळीनंतर असाच तुकडा तोंडात टाकला आणि डाव्या जबड्याखाली अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. हात लावला तर लिंबाएवढी गाठ. तासाभरात ती आपोआप बसली. मग मिसळ, चिंचेचं सार, लोणच्याची फोड, काहीही पुढे आलं की तेच.

आई म्हणाली, गालगुंड. दाताच्या डॉक्टरांना अक्कलदाढेची शंका आली. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. शेवटी एका दवाखान्यात सांगितलं, लाळेच्या ग्रंथीत खडा आहे, मानेवर छेद घेऊन ग्रंथीच काढू. क्वचित ओठाचा कोपरा वाकडा होतो. त्या रात्री मी जेवलो नाही.

मेहुण्याने राजारामपुरीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी जिभेखाली एक बोट आणि जबड्याखाली दुसरं धरून चाचपलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. लाळेचे दहापैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिथली लाळ दाट, तिच्यात कॅल्शियम जास्त, आणि जेमतेम 5 सेंटिमीटरच्या नळीतून तिला वर चढावं लागतं. खाताना लाळ सुटते, वाट बंद असते, म्हणून सूज. सोनोग्राफीच्या आधी मला आंबट गोळी चघळायला दिली. लाळेने नळी फुगली आणि पडद्यावर खडा पांढरा चमकला, त्याच्यामागे काळी सावली. 7 मिलिमीटर.

"ग्रंथी काढायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले, "तोंडातूनच काढू." मी विचारलं ते एकच, चवीचं काय? त्यांनी लपवलं नाही. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि संवेदना नेणारी नस या नळीखालूनच वळसा घेऊन जाते. अंदाजाने खोल शोधत गेलं तर तिला धक्का लागू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावरही सोनोग्राफी ठेवायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

ते किती योग्य होतं, हे त्या दिवशी कळलं. जिभेखाली भुलेचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी चाचपलं, तर खडा बोटाला लागेना. आठवड्यापूर्वी पुढे होता, आता ग्रंथीच्या दिशेने मागे सरकला होता. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी निर्जंतुक आवरण चढवलेला प्रोब माझ्या जबड्याखाली टेकवला. सिस्टरनी बाहेरून ग्रंथी वर दाबून धरली. मी शुद्धीवर होतो, सगळं ऐकत होतो. "अजून मागे. थोडं आत. हां, आता टोक खड्यावर आहे." सर्जनच्या हातातल्या सुईचं टोक त्यांना पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखं दिसत होतं. खडा पुन्हा मागे पळू नये म्हणून नळीभोवती त्याच्यामागे टाका घेतला आणि खड्यावरच छोटा छेद दिला. काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि तोंडात खारट, दाट लाळेचा लोंढा आला. इतके महिने तुंबलेली ती लाळ होती. लगेच पुन्हा प्रोब फिरवला, दुसरा खडा नाही ना बघायला. नव्हता. नळीचं तोंड उघडं राहील असे टाके घातले आणि मला बसवलं.

संध्याकाळी घरी. चार दिवस पेज, मऊ भात, भरपूर पाणी. जेवणाआधी जबड्याखालून पुढे हलकं चोळायचं आणि लिंबाची फोड चोखायची, म्हणजे लाळ वाहती राहते. जिभेच्या डाव्या कडेला मुंग्या होत्या. रोज सकाळी आरशासमोर जीभ बाहेर काढून मी तिला बोटाने टोचून बघायचो. बायको काही बोलायची नाही, फक्त माझ्याकडे बघत राहायची.

पंधराव्या दिवशी यार्डात गेलो. मुंग्या थोड्या उरल्या होत्या. शिरोळकडचा गूळ आला होता. तुकडा जिभेवर ठेवला आणि मी शेतकऱ्याला विचारलं, "दादा, रान खारपड हाय का?"

तो म्हणाला, "व्हय की."