एक अष्टमांश सेकंद

रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा आम्ही छंदी लोक, घड्याळवाले आणि कॅमेरावाले, एकत्रच भटकलो. आता यातला मूळचा कोण कुठल्या कंपूतला, हे नव्या माणसाला ओळखता यायचं नाही. कॅमेरावाले भेटल्या भेटल्या एकमेकांच्या मनगटाकडे बघतात आणि घड्याळवाले पुलाखालच्या उजेडावर वाद घालतात.

'रिस्टशॉट', म्हणजे मनगटावरच्या घड्याळाचा फोटो, म्हटलं की माझ्या कपाळावर अजूनही आठी पडते. गाडीच्या स्टिअरिंगवर हात, स्टिअरिंगवरचा लोगो बरोब्बर फ्रेममध्ये आणि मधोमध घड्याळ. त्यात घड्याळ कमी, मालकाची ऐपत जास्त. रस्त्यावर चार माणसांत मात्र हाच फोटो बदलतो. कारण साधं आहे: मोठा कॅमेरा घेऊन स्वतःच्या मनगटाचा धड फोटो काढता येत नाही. एक हात कॅमेऱ्यात गुंतलेला, दुसरा फ्रेममध्ये, मग लेन्स फिरवणार कोण? म्हणून हात उसना घ्यावा लागतो. आणि दुसऱ्याचा हात समोर आला की त्याची नखं, जुन्या भाजल्याचा डाग, पट्ट्याचं कुठलं भोक वापरून सैल झालंय, हे सगळं दिसतंच. फोटो घड्याळाचा काढायला जावं आणि माणसाचा निघावा, असं होतं.

आजचा उसना हात आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांचा. पादचारी पुलाच्या कठड्यावर त्यांनी मनगट टेकवलं, मागून संध्याकाळची गर्दी. मी शटर एक अष्टमांश सेकंदावर ठेवलं, म्हणजे तेवढा वेळ ते उघडं राहणार. त्यांचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चावी भरली जाणारं घड्याळ, ताशी 28,800 ठोके देणारं, म्हणजे सेकंदाला 8. तेवढ्या वेळात सेकंदकाटा एकच पाऊल टाकतो. फोटो मोठा करून पाहिला तर काट्याच्या टोकाशी शेजारी शेजारी दोन बारीक रेषा, तास-मिनिटांचे काटे खणखणीत आणि मागची माणसं नुसती रंगांचे पट्टे. शेजारच्या मुलीचं बॅटरीवरचं साधं क्वार्ट्झ त्याच शटरला जास्त स्वच्छ आलं. त्याचा काटा सेकंदातून एकदाच हलतो, उरलेला वेळ उभाच. यावर ऑटोमॅटिकवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

काका म्हणाले, "हलणारा पुसला जातो, थांबणारा उरतो." फोटोग्राफीच्या आद्यपुरुषांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, याने 1838मध्ये पॅरिसमधल्या बुलेव्हार्द द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो काढला तेव्हा नेमकं हेच झालं होतं. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे वर्दळीचा रस्ता ओस दिसतो. बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला एक माणूस तेवढा उरलाय. शहराच्या फोटोत माणूस आला तो असा, थांबल्यामुळे.

तबकडीवरच्या काचेचा छळ वेगळाच. आकाश पांढरं असलं की काचेत तेच दिसतं, डायल गायब. कॅमेरावाल्यांचा पहिला उपाय पोलरायझर, लेन्सवर लावायचा फिल्टर. तिरक्या कोनातून तो चकाकी मारतो, पण समोरून घ्यायचं तर फारसा उपयोग नाही. त्यातून घड्याळ डिजिटल असेल तर आणखी गंमत. त्या पडद्यावर पोलरायझरचा थर आधीच असतो, त्यामुळे फिल्टर फिरवता फिरवता एका कोनात अख्खा पडदा काळा पडतो. आज एकाच्या मनगटावरची वेळ अशी डोळ्यांदेखत विझली. समोरून घ्यायच्या फोटोला आमचा इलाज एकच: काळं जॅकेट घातलेल्या माणसाला अशा जागी उभं करायचं की काचेत आकाशाऐवजी त्याची छाती दिसेल. त्याचं नाव कुठल्याच फोटोखाली येत नाही, बिचाऱ्याचं.

एकाने जुना ट्विन-लेन्स, म्हणजे एकावर एक दोन लेन्सचा कॅमेरा आणला होता, सिटिझन शटरवाला. होय, घड्याळवाली सिटिझनच. सेइको घड्याळांची सेकोशाही शटर बनवायची. स्वित्झर्लंडच्या घड्याळवाल्या लेकूल्त्रने तर 1937मध्ये कंपास नावाचा अख्खा कॅमेराच बनवला. शटर एक सेकंदावर लावून दाबलं की आतली दातेरी चाकं घर्रर्र करत वेळ मोजतात. सगळे घड्याळवाले आळीपाळीने कान लावून बसले. फिल्म नव्हतीच आत. कुणाला फरकही पडला नाही.

मग बराच वेळ 'पुढचं काय घेणार' ही चर्चा झाली. मी त्यात नसतो. दोन्ही छंदांचं हे दुखणं सारखंच आहे, वापरण्यापेक्षा घेण्यावर जास्त बोलणं. अंधार पडायला लागला की ही चर्चा आपोआप बंद होते, हे बरं. फोटो टाकताना घड्याळाचा सीरियल नंबर झाकायचा, लोकेशन काढून टाकायचं आणि ज्याचा हात आहे त्याला आधी दाखवायचं, हे मात्र आता सगळे न सांगता पाळतात.

घरी आल्यावर काकांना फोटो पाठवला. कौतुक राहिलं बाजूला, त्यांनी आधी फाइलमधली वेळ पाहिली. डायल तिच्यापेक्षा चार मिनिटं पुढे. "तुझा कॅमेरा मागे आहे का?" मी फोनशी ताडून पाहिलं, कॅमेरा बरोबर होता. घड्याळ त्यांनी सकाळीच लावलेलं. एकदम इतकं पुढे पळतंय म्हणजे हेअरस्प्रिंगला, घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं असणार, वेटोळी एकमेकांना चिकटली की असंच होतं. त्यांच्या नव्या कॅमेरा बॅगेचं झाकण चुंबकाने बंद होतं, आणि ते दिवसभर डाव्या हाताने उघडझाप करत होते. ग्रुपमध्ये एकाकडे चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर आहे. पुढच्या रविवारी तो आणतोय. तोवर काका घड्याळ उजव्या हातात घालणार म्हणतायत. बॅग बदलायला तयार नाहीत.