चौदाव्या मजल्यावरचा ग्रेट डेन

काकूंचा फोन रात्री जेवणं उरकल्यावर आला. "डॉक्टर, ब्रूनोला गॅस झालाय. ओव्याचं पाणी पाजलं, पण नुसते उमासे येतायत, पडत काहीच नाही." ग्रेट डेन आणि कोरडे उमासे. मी पुढचं ऐकलंच नाही. "गाडीत घाला आणि निघा."

निघा म्हणणं सोपं. कुत्रा ६४ किलोचा, मुलगा बंगळुरूला. सोसायटीचा नियम असा की कुत्री सर्व्हिस लिफ्टनेच न्यायची, आणि ती बंद. वॉचमन आणि पार्सल घेऊन आलेला एक मुलगा चादरीच्या झोळीत ब्रूनोला धरून उभे, आणि कमिटीतले एक गृहस्थ दुसऱ्या लिफ्टच्या दारात त्यांना नियम समजावतायत. शेवटी पार्सलवाल्यानेच कोपराने बटण दाबलं. पुढे घोडबंदर रोडला ट्रकांची रांग होतीच.

टेबलावर घेण्यात वेळ घालवला नाही, जमिनीवरच सुरुवात केली. हिरड्या पांढुरक्या. बरगड्यांमागे टिचकी मारली तर पोट ढोलकीसारखं वाजलं. सलाइन पुढच्या दोन्ही पायांना लावली. मागच्या पायाची शीर अशा वेळी कामाची नाही, कारण फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबून धरतं आणि दिलेलं हृदयापर्यंत नीट पोचत नाही. नवशिके नेमके इथेच अडकतात. उजव्या कुशीत जाड सुई घातली, हवा सुटली, खोलीभर आंबूस वास. एक्स-रेत जठराचे दोन कप्पे दिसले, म्हणजे पीळ पडलेला.

पोट उघडून जठर सरळ केलं आणि थांबले. इथे फक्त रंग बघायचा असतो. जांभळं गुलाबी झालं तर जिंकलो, काळंच राहिलं तर तेवढा भाग कापायचा. गुलाबी झालं, सावकाश. प्लीहाही शाबूत होती. मग जठर उजवीकडे पोटाच्या भिंतीला आतून शिवून टाकलं. आता फुगलं तरी सहसा फिरणार नाही. हे टाके मी घाई न करता घालते, सहकारी कितीही घड्याळ बघू देत.

जठर फुगून फिरण्याचा हा धोका ग्रेट डेनच्या बांध्यातच आहे. जर्मनीतल्या सरदारांना रानडुकराला पळत गाठून धरून ठेवणारा कुत्रा हवा होता. मास्टिफची ताकद आणि ग्रेहाउंडचा वेग एकत्र आला, सोबत खोल, अरुंद छातीही आली. १८८० साली बर्लिनला या जातीचं मानक ठरलं तोवर शिकार मागे पडून रुबाब तेवढा उरला होता. आजच्या मानकात नर खांद्यापाशी किमान ८० सेंटिमीटर लागतो. आपल्याकडे हा रुबाब टू बीएचकेत राहतो आणि, ब्रूनोपुरतं बोलायचं तर, कबुतरांना घाबरतो.

काकूंनी दुकानदाराच्या सल्ल्याने उंच स्टँडवरचं भांडं घेतलं होतं, पोट फुगू नये म्हणून. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावरून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा आजार उलट जास्त आढळला होता. स्टँड मात्र अजून खपतोच आहे.

हृदयाचे ठोके चुकायचे थांबल्यावर ब्रूनोला घरी सोडलं. बिल भरताना काकूंनी विचारलं, "नसबंदीच्या वेळीच हे शिवून घेता येतं म्हणता, मग विकणाऱ्याने का नाही सांगितलं?" कोण सांगेल? ऑपरेशनची गोष्ट काढली की गिऱ्हाईक लॅब्रॅडॉरकडे वळतं.

परवा एक जोडपं डेनचं पिल्लू घेऊन आलं. मी हा विषय काढला. "धडधाकट कुत्र्याचं पोट कशाला फाडायचं, मॅडम?" नवरा हसला. त्यांना उंची वाढायला कॅल्शियम हवं होतं. एवढ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात, हे मी दोनदा सांगितलं आणि चिठ्ठीवर कॅल्शियम लिहून दिलं नाही. दोघं खाली उतरून समोरच्या पेट शॉपमध्ये शिरले.