चिरायची वेगळी, तोडायची वेगळी

परवाच्या रविवारी पुतणी नवी करवत घेऊन दारात उभी. "काका, ही करवतच खराब आहे. अर्धा तास झाला, चार बोटंसुद्धा पुढं गेली नाही." सोबत सागाची चार फुटी फळी, इंचभर जाडीची, आणि तिच्यावर पेन्सिलीनं मारलेली उभी रेघ. देव्हाऱ्याखालच्या पाटासाठी फळीची रुंदी दोन इंचांनी कमी करायची होती. काप रेघ सोडून बाहेर गेला होता आणि पोरीच्या तळहाताला फोड आला होता.

करवत हातात घेऊन उजेडाला धरली. पातं सरळ, इंचाला ८ दात, दातांना दोन्ही बाजूंनी तिरकी धार. करवतीत काही खोट नव्हती. ती तोडायची करवत होती आणि पोर तिनं फळी चिरत होती.

मी ३४ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये काढली. फौंड्रीत बिडाचा रस ओतायच्या आधी वाळूत जो आकार उठवतात, तो आकार आम्ही लाकडात करायचो. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागं १० मिलिमीटर मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडं पट्टीच वेगळी असायची, तिच्यावर ही वाढ धरूनच खुणा असायच्या. लाकडात अर्धा मिलिमीटर चुकला तर तो पुढं शंभर कास्टिंगमध्ये चुकायचा. त्यामुळं काप रेघेवर आहे की रेघेबाहेर, हे बघायची सवय अंगात मुरली आहे.

पुतणीला मी आधी ऊस आठवायला सांगितला. ऊस आडवा तोडायचा तर कोयत्याला धार पाहिजे, धागा कापला गेला पाहिजे. तोच ऊस उभा फोडायचा तर पातं पेरात घुसवलं की पुढं तो आपणच उकलतो. लाकूडही असंच उभ्या धाग्यांचं असतं. म्हणून आडवं तोडायच्या करवतीचे दात चाकूसारखे, एक डावीकडचा धागा कापतो, पुढचा उजवीकडचा, आणि मधला भुसा बाहेर पडतो. उभं चिरायच्या करवतीचे दात म्हणजे एकामागं एक बसवलेल्या बारक्या पटाश्या. त्यांची धार पात्याला काटकोनात सपाट, आणि दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी. प्रत्येक दात आपल्यापुरता एक बारका तुकडा उपटून पुढं जातो. चाकूनं धाग्याच्या दिशेनं खरवडत बसलं तर काय होईल? तेच त्या फळीचं झालं होतं.

खात्री करायची असेल तर खाली पडलेला भुसा बघावा. तिच्या घरून तिनं फोटो आणला होता, पिठासारखा भुसा. मग मी भिंतीवरची २६ इंची चिरायची करवत काढली, इंचाला ५ दात. फळी दोन स्टुलांवर ठेवली, गुडघ्यानं दाबली आणि तिच्या हातात करवत दिली. मुठीत तीन बोटं, तर्जनी पात्याच्या दिशेनं सरळ. कोपर, मनगट आणि पातं एका रेषेत. सुरुवातीला अंगठ्याच्या पेराला पातं टेकवून दोन-तीनदा नुसतं मागं ओढायचं, म्हणजे खाच पडते. मग पूर्ण लांबीचे हात मारायचे. चिरताना पातं फळीशी साधारण ६० अंशांत, तोडताना ४५. आणि रेघ कापायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूनं जायचं, रेघ आपल्या कामाच्या तुकड्यावर राहिली पाहिजे.

अर्ध्यावर फळीचा काप मिटायला लागला तेव्हा त्यात लाकडाची एक पातळ पाचर सरकवली. चहा उकळेपर्यंत फळी चिरून झाली होती. या खेपेला खाली पडलेला भुसा दाणेदार होता, बोटांत घेतला की टोचणारा. तिनं तो कागदात बांधून नेला, का ते मी विचारलं नाही.

आजोबांची करवत या दोन्हींपेक्षा वेगळी. ते जमिनीवर बसून, पायानं लाकूड दाबून, करवत स्वतःकडं ओढून कापायचे. तिचे दात मुठीकडं वळलेले. ढकलताना पातं वाकायची भीती असते, म्हणून ते जाड ठेवावं लागतं. ओढताना ताणानं ते आपोआप सरळ राहतं. जपानी करवतीही ओढूनच चालतात, म्हणून त्यांची पाती इतकी पातळ असतात. हल्ली दोन्ही काठांना दात असलेली जपानी करवत मिळते, एका काठानं चिरायचं, दुसऱ्यानं तोडायचं. ती मी वापरून बघितली तेव्हा आजोबांची बसायची पद्धत डोळ्यांपुढं आली. बारीक सांध्यांना फार छान, पण वाळलेल्या बाभळीवर जोर लावला तर दात तुटतात.

सांध्यांसाठी माझा विश्वास मात्र पाठीवर पितळी पट्टी असलेल्या चूल-करवतीवरच, म्हणजे टेनन सॉवर. इंचाला १२ ते १४ दात. पट्टीमुळं पातं सरळ राहतं, आणि तिच्या वजनामुळं हातानं दाबावंच लागत नाही. वळणाच्या कापाला धनुष्यासारख्या चौकटीतली बारकी पाती. पीव्हीसी पाइप आणि लोखंडाला एक्सा ब्लेड, दात पुढच्या दिशेला ठेवून. पातळ नळीला इंचाला २४ दातांचं घ्यावं, पत्र्याला ३२ चं. जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकून मोडतात. प्लायवूडला बारीक दात आणि रेघेवर चिकटपट्टी, म्हणजे वरचा पापुद्रा उडत नाही. यावर आणखी सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखं आहे ते धारेबद्दल.

पुतणीच्या करवतीच्या दातांची टोकं निळसर काळी होती. ती उष्णता देऊन कडक केलेली असतात. बरेच दिवस धार टिकते, पण एकदा गेली की कानस त्यावर नुसती घसरते. मग करवत भंगारात. सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो आणि प्लायवूडमध्ये डिंक, दोन्ही धार खातात. त्यामुळं रोज काम करणाऱ्यानं पाजवता येईल अशी एक तरी करवत ठेवावी आणि तिच्याबरोबर तिकोनी कानस घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. करवत घेताना पातं हळूच कमानीसारखं वाकवून सोडायचं. ते परत सरळ झालं पाहिजे. मग दातांवरून नजर टाकायची. आईच्या लुगड्याची करवतकाठी दाखवून माझे वडील, आबा, म्हणायचे, "दात असे सारखे यायला पाहिजेत. एक उंच आला की सगळं काम त्यो एकटाच करतोय."

हे पाजवणं मी नीट शिकलो ते २०१९ च्या महापुरानंतर. आमचं जुनं घर शुक्रवार पेठेत. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही धान्य, कागदपत्रं, गाद्या माडीवर नेल्या. हत्यारांची ट्रंक कॉटखाली तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर करवती चिखलानं एकमेकींना चिकटलेल्या, आणि चिखलाखाली तांबूस गंज. आबांची चिरायची करवत हातात घेतली तेव्हा बराच वेळ काही बोलवेना.

घाईनं मी ती एका दुकानात धार लावायला दिली. त्यांनी ती ग्राइंडरवर धरली. दातांची टोकं तापून निळी पडली, मऊ झाली आणि पहिल्याच फळीत बसली. तेव्हा ठरवलं की उरलेल्या करवती मीच करणार.

गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं काढला. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पात्याच्या लांबीच्या दिशेनं. मग दोन लाकडी पट्ट्यांमध्ये पातं धरून शेगड्यात, म्हणजे बाकाच्या व्हाइसमध्ये, आवळलं, दात जेमतेम वर राहतील असं. जास्त वर राहिलं तर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या डोक्यावरून लांबवर एक-दोनदा फिरवली. प्रत्येक दाताच्या टोकावर एक चमकता ठिपका उमटतो. बुटक्या दाताला ठिपका येत नाही, उंचाला मोठा येतो. मग तिकोनी कानस दोन दातांमधल्या खाचेत. तिचे तीनही कोन ६० अंशांचे, खाच तेवढीच राहते. फक्त पुढं ढकलायची, परत येताना उचलायची. दोन-तीन हात, तेवढाच दाब, मग एक खाच सोडून पुढची. टोकापर्यंत गेलं की करवत फिरवून उरलेल्या खाचा. ठिपका संपला की थांबायचं, त्याच्यापुढं एक हातही नाही.

त्याआधी दात फाकवावे लागतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, दाताचा फक्त वरचा अर्धा भाग. मुळापासून वाकवला तर तुटतो. काप पात्याच्या जाडीच्या साधारण दीडपट झाला की पातं अडकत नाही. ओल्या लाकडाला थोडं जास्त फाकवावं, सुक्या सागाला कमी. शेवटी पात्यावर मेणबत्ती घासायची, आणि ठेवताना मशीन ऑइलचा हात.

२०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा सगळ्यात आधी माडीवर करवती गेल्या.

या रविवारी पुतणी परत आली. तिला चूल-करवत पाजवायला दिली होती. दीड तास तिनं मान वर केली नाही. संपल्यावर करवत तिनं खिडकीशी नेऊन तिरकी धरली, माझ्यासारखीच. मुठीकडून आठव्या-नवव्या दातावर अजून एक ठिपका चमकत होता. मी काही बोलायच्या आत तिनं कानस उचलली होती.