घंटागाडी आणि मूठभर चिवडा

सकाळी सव्वासातच्या सुमारास गंगापूर रोडवरच्या आमच्या गल्लीत घंटागाडी शिरते. घंटा कधीच गेली, आता भोंग्यावर गाणं लागतं. आम्हा नाशिककरांच्या तोंडी मात्र घंटागाडीच. गाण्याची पहिली ओळ कानावर पडली की चहाचा कप ओट्यावर आणि हात बादलीकडे. मध्ये डोक्याचा काही संबंध नाही. परवा एका हळदीत डीजेवाल्यानं तीच चाल वाजवली, तर मी चक्क खुर्चीतून उठले. शेजारची बाईही उठली होती!

रशियन शास्त्रज्ञ पावलोवचे कुत्रे आठवले. तो बिचारा पचनाचा अभ्यास करत होता, १९०४ चं नोबेलही त्याला त्याच कामासाठी मिळालं. घास तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यानं हेरलं. मग मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकवायची नि खाणं द्यायचं. पुढे नुसत्या टिकटिकीवर लाळ. बीएला हे 'अभिजात अभिसंधान' म्हणून घोकलं होतं, पाच मार्कांपुरतं.

पण लाळ सुटणं वेगळं आणि तीन जिने धावत उतरणं वेगळं. त्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच हवा. त्याच्या पेटीतला उंदीर कळ दाबतो, खाण्याची गोळी मिळते, पुन्हा दाबतो. खरी मेख पुढेच आहे. दर वेळी मिळणारी गोळी बंद झाली तर उंदीर लवकर नाद सोडतो. अधूनमधून, बेभरवशी मिळत असली तर बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दाबत बसतो. आमचा गाडीवाला दादा कधी थांबतो, कधी कोपऱ्यावरून वळलेला असतो. म्हणून तर मी रोज धावते.

सासूबाईंनी ना पावलोव वाचलाय, ना स्किनर. एके दिवशी त्यांनी दादाला कागदात बांधून मूठभर चिवडा दिला. मग दोन दिवस काहीच नाही. मग पुन्हा चिवडा, वर तळलेली मिरची. मी म्हटलं, रोजच देऊया की. तर म्हणाल्या, "रोज दिलं की किंमत राहत नाही गं."

महिनाभरात गाडी आमच्या फाटकापाशी नेमानं थांबायला लागली.

गेल्या आठवड्यात डब्यातला चिवडा संपला होता. तरी गाडी थांबली. मी सावकाश उतरले, ओला-सुका वेगवेगळा टाकला. दादाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मान वर करून तो तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बघत होता.